लगाम उशिरा सुटतो

रेस सुरू झाली की दादा जमिनीवर नसायचा. वजन वाढलं म्हणून त्याची जॉकीगिरी सुटली होती, आता खोगिरं शिवून पोट भरत होता. पण गेट उघडलं की कठड्याशी उभ्या उभ्या त्याचे गुडघे वाकायचे, पापण्या जड व्हायच्या आणि भोवतालची गर्दी पाण्याखाली गेल्यासारखी दूर दूर जायची.

आज तर त्याचा धाकटा भाऊ घोडीवर होता. गेले कित्येक रविवार याच्यावर पैसे लावणारे हात चोळत घरी जात होते. घोडी चांगली, पाय चांगले, पण हा पठ्ठ्या शेवटच्या वळणावर नुसता बसून राहायचा. मालकाने स्पष्टच सांगितलं होतं, आज चुकलास तर घोडी दुसऱ्याला देतो.

"भावाला म्हणावं झोपू नको," शेजारी उभा असलेला शिंपी म्हणाला. "हवी तर उशी शिवून देतो."

"माझा चेला आहे तो," दादा गुरगुरला. "बघत राहा."

चेला खरंच त्याचा. पहाटेच्या सरावात दादाने त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. घाई करायची नाही. पळता पळता घोडीचा श्वास बदलतो, अडखळती फुरफुर मोकळी होते. ती ऐकू आली की लगाम सैल सोडायचा. आधी नाही आणि नंतर तर नाहीच नाही.

घोडे वळणावर आले. धूळ उन्हात तरंगत राहिली. दादाला सगळं संथ दिसू लागलं. घामाने ओला खांदा, आयाळीची एकेक बट, हळूच टेकून उचलला जाणारा खूर. आणि एवढ्या लांबून त्याच्या कानात घोडीचा श्वास मोकळा झाला.

"सोड," तो कुजबुजला.

धाकटा बसलेलाच. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"अरे सोड, गाढवा!"

दोन घोडे बाजूने निघून गेले, तेव्हा कुठे याचे हात हलले. घोडी तिसरी आली.

कठड्यावरून फाटक्या तिकिटांचे कपटे उडाले. शिंप्याने शिव्यांची लाखोली वाहिली, पण सगळ्यांत मोठा आवाज दादाचा. "उतरवा रे याला कुणीतरी! खोगीर आहे ते, पलंग नव्हे!" धाकटा हाताच्या अंतरावरून गेला, समोर बघत, शांत.

"बघा, ढिम्म हलत नाही," शिंपी म्हणाला. "लाजबीज काही आहे का!"

दादा मात्र भावाच्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्या ओरडण्याने घोडी दचकली होती. भाऊ दचकला नव्हता.

तो तबेल्यात गेला. धाकटा पाठमोरा उभा राहून घोडीचा पट्टा सोडत होता. दादाने हळूच हाक मारली, मग मोठ्याने. शेवटी खांद्यावर हात ठेवला, तसा तो केवढा दचकला.

"ऐकू येत नाही तुला?" दादाने त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"मागच्या मोसमात घोडीवरून पडलो ना, तेव्हापासून." त्याचे डोळे दादाच्या ओठांवर होते. "उजवा गेलाच. डाव्याने समोरून थोडं येतं. तू सांगितलंयस ना, श्वास ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. मी थांबतो, दादा. वर इतकं शांत असतं रे. वाटतं, आता येईल."

दादाचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला भावाला पोटाशी धरावंसं वाटलं, तेवढ्यात मालक आला.

"दादा, तू यातला माणूस," मालक त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "भाऊ म्हणून नको, खरं सांग. परत बसवू याला?"

घोडीचा श्वास मांडीलाही कळतो, तेवढं शिकवता आलं असतं. पण मागून अंगावर येणाऱ्या टापा ज्याला ऐकू येत नाहीत, तो घोळक्यात पुन्हा पडला तर उठणार नव्हता.

"नको," दादा म्हणाला.

मालक त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. ती थाप धाकट्याने बघितली आणि त्याचा चेहरा उजळला.

"हो म्हणाला ना? काय सांगितलंस त्याला?" त्याने डावा कान पुढे केला.

दादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. एकदा त्याने घोडीकडे बघितलं, आणि मग मोठ्याने सांगण्यासाठी त्याने तोंड उघडलं.