तेरावी खुंटी

अहो, थांबा. होडी दिसली की लगेच पाय टाकायची घाई नको. आधी इकडे बघा. मी बोलतेय, धक्क्यावरच्या खोलीबाहेर टांगलेली खुंट्यांची फळी.

मूळची मी एका होडीच्या तळाची. उभा जन्म पाण्यात गेला. होडी म्हातारी झाली, तिचं सरपण झालं, मी तेवढी वाचले. सुतारकाकांनी मला नखानं टोकरून पाहिलं आणि म्हणाले, "बाकीची सडली. ही मात्र खणखणीत आहे." तेव्हापासून मी भिंतीवर. पाण्याचा आवाज रोज कानावर येतो, पण अंगाला पाणी लागत नाही. सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.

माझी मालकीण धक्क्याची राखणदार. लोक तोंडावर तिला मावशी म्हणतात, पाठीमागे फटकळ. तिला दोन्ही माहीत आहे.

समोरच्या पाणथळात, लव्हाळ्यांच्या पलीकडे, पाण्यात उभी झाडं आहेत. त्यांवर दरवर्षी बगळे घरटी करायचे, शेकड्यांनी. ते बघायला लांबून माणसं यायची. मालकिणीनं आधी एक अख्खा हंगाम नुसतं बसून पाहिलं. दोन होड्या आत गेल्या तर पक्षी मान वर करायचे, बघायचे आणि पुन्हा अंडी उबवत बसायचे. तिसरी होडी शिरली की सगळे एकदम उठायचे. कावळे टपलेलेच असायचे.

दोन होड्या, एकीत सहा माणसं. म्हणून माझ्यावर बारा खुंट्या. प्रत्येक खुंटीला पत्र्याचा एक बिल्ला. आत जाणाऱ्यानं बिल्ला गळ्यात घालायचा, परत आल्यावर स्वतःच्या हातानं टांगायचा आणि आपला कचरा परत आणून मालकिणीला दाखवायचा. परत आलेला बिल्ला त्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही.

"मोठ्या साहेबांची चिठ्ठी आणलीय," एकदा एक जण म्हणाला.

"चिठ्ठी ठेवून जा. चूल पेटवायला होईल," मालकीण म्हणाली.

अशी ती. मला तिचा अभिमान वाटायचा. सकाळी माझ्या खुंट्या रिकाम्या झाल्या की मला हलकं वाटायचं, आणि संध्याकाळी बारावा बिल्ला टांगला गेला की ती माझ्यावरून हात फिरवायची. पलीकडून पिल्लांचा गलका ऐकू येत असायचा. तसली संध्याकाळ पुन्हा मिळावी म्हणून मी काय देईन? माझ्याजवळ आहे तरी काय, लाकूडच.

मग तिच्या लेकीचं लग्न झालं. महिन्याभरात लेकीची सासू न कळवता आली, भर दुपारी, नवी चप्पल घालून. बाराचे बारा बिल्ले आत गेलेले.

"विहीणबाई, आज जागा संपली हो. उद्या पहाटे पहिल्या होडीत बसवते."

"राहू द्या," विहीण म्हणाली. "आम्ही काय, सरळ घरी जातो. घरी सांगू की दारातून परतवलं."

लेक सासूच्या मागे उभी होती, मान खाली घालून. मालकिणीनं तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईनं साहेबाची चिठ्ठी चुलीत घातली, तिला तिथे नाही म्हणवेना. लेकीला जन्मभर हे ऐकावं लागेल, एवढंच तिच्या डोक्यात. ती आत गेली, हातोडी घेऊन आली आणि माझ्या कडेला तेरावी खुंटी ठोकली. बिल्ला म्हणून डब्याचं झाकण अडकवलं.

दुखलं का म्हणाल, तर दुखलं.

तिसरी होडी निघाली. थोड्याच वेळात झाडांवरून सगळे बगळे उठले, कुणी धुतलेली चादर झटकावी तसे. विहीण परतली ती टाळ्या वाजवत. "अगंबाई, काय सुंदर उडाले! जसे आमच्यासाठीच उडाले!"

मालकीण कावळे कुठे उतरतायत ते बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिचा दीर हजर. "वहिनी, तुमच्या विहिणीला खुंटी मिळते, मग माझ्या मित्रांना का नाही?" मालकिणीनं पुन्हा हातोडी काढली. तो गेला तर शेजारी आला, मग शेजाऱ्याचा साडू. माझ्यावर खुंट्यांची दाटी झाली, पुढच्या हंगामात चाळीस. दिरानं इंजिनाची होडी आणली. ती फटफटत आत जायची आणि तिच्या लाटा थेट झाडांच्या बुंध्यांवर आपटायच्या. कचरा कुणी दाखवेना, कारण विचारायचं तोंड मालकिणीला उरलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी बगळे आले, दोन दिवस वर घिरट्या घातल्या आणि निघून गेले. मग माणसंही येईनाशी झाली. "बघायचं काय, शेवाळ?" म्हणत दिरानं इंजिनाची होडी विकून टाकली.

त्या दिवशी मालकीण पकड घेऊन माझ्यासमोर बसली. एकेक खुंटी उपटली. तिला घाम फुटला, मला भोकं पडली. पहिल्या बारा तेवढ्या ठेवल्या. सुतारकाकांनी भुसा आणि डिंक कालवून भोकं बुजवली. तेराव्यापाशी आले तेव्हा ती म्हणाली, "ते राहू द्या. ते माझं आहे."

मग तिनं बारा बिल्ले टांगले आणि जाहीर केलं, "पक्षी अंड्यांवर बसल्याशिवाय यातला एकही खाली उतरणार नाही. मीसुद्धा आत जाणार नाही."

यंदा विहीण पुन्हा आली, सोबत लेकही. माझ्याकडे बघून हसली. "आज तर सगळे बिल्ले आहेत. चला की!"

"नाही, विहीणबाई. घरात चला, चहा टाकते. पाण्यात नाही."

विहिणीचं तोंड एवढंसं झालं. चहा मात्र दोन कप प्यायली. नंतर कप विसळताना लेक हळूच म्हणाली, "आई, टोमणे तर सासरी तसेही मिळतात. त्या दिवशीच नाही म्हणाली असतीस, तर मी ऐकून घेतले असते गं."

मालकीण कितीतरी वेळ तोच कप पुसत राहिली.

बगळे अजून आलेले नाहीत. ती रोज पहाटे धक्क्यावर उभी राहते, मी भिंतीवर. बारा बिल्ल्यांचं ओझं अंगावर आहे, एकही हलत नाही. रिकामं व्हायला जीव आसुसलाय.

मात्र परवा एक झालं. एक कुंभारमाशी आली, काळी, दोऱ्याएवढ्या कमरेची. तेराव्या भोकात डोकावली, गेली आणि पाणथळातल्या चिखलाची गोळी घेऊन परतली. सुतारकाका फडकं घेऊन धावले. मालकिणीनं त्यांचा हात धरला. "राहू द्या. एका जिवाला तरी आमची जागा पसंत पडली."

मी कधीकाळी झाड होते. तेव्हा माझ्यावर कुणी घर केलं होतं का, आठवत नाही. आता केलंय.

तर पाहुणे, पुन्हा कधी आलात आणि बिल्ला मिळाला, तर गळ्यात घाला, गप्प बसा, बघा आणि परत टांगा. नाही मिळाला, तर काठावर बसा आणि उद्या या. तुम्ही कुणाचे कोण, ते मात्र मालकिणीला सांगू नका. माझ्यावर आता जागा नाही. तेराव्या खुंटीच्या जागी कुणीतरी राहतंय.