धारेची हाक

"बाबू भाई, आप रहने दीजिए. इसे हम खोल लेंगे," इर्शाद म्हणाला आणि त्यानं पाना पाठीमागे धरला.

"पाना दे," बाबूराव म्हणाले.

इर्शादनं दिला.

बोटीची मोटर लाकडी घोडीवर उभी टांगलेली होती. घाघरा नदीतून काढून लखनौला आणेपर्यंत तिच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरट झाला होता. पूर-बचाव दलाच्या गोमतीकाठच्या या शेडमध्ये बाबूराव मेश्रामांनी उभी नोकरी अशाच मोटरी खोलण्यात घालवली. ही मोटर शेवटची चालवली ती त्यांच्या मुलानं, राजरत्ननं. घरी त्याला सोनू म्हणत. भर प्रवाहात मोटर बंद पडली, बोट आडवी होऊन पुलाच्या खांबावर आदळली, आणि सोनू दोन गावं खाली सापडला.

इन्स्पेक्टर हेमचंद्र शेडच्या दारातच थांबले होते. आत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बाबूराव जी, मैंने इर्शाद को कहा था. आपको नहीं."

"मालूम है साहब."

"शाम तक मुझे बस इतना बता दीजिए कि पानी क्यों रुका. गोपीनाथ का बयान तो आप सुन ही चुके हैं."

गोपीनाथचा जबाब साऱ्या दलानं ऐकला होता.

बोटीची मोटर नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि वापरलेलं पाणी बारीक धारेनं मागे बाहेर टाकते. धार पडते आहे तोवर चिंता नाही. धार थांबली की मोटर तिथल्या तिथे बंद करायची, नाहीतर ती आतल्या आत भाजून जाम होते. म्हणून दलात रिवाज होता. काठ सोडताना चालकानं मागे वळून बघायचं आणि हाक द्यायची, "धार है!" काठावरच्यानं उत्तर द्यायचं, "जाने दो!" नवीन पोरं या हाकेची टर उडवायची, लग्नाच्या वरातीत द्यायची. पण पाण्यावर कोणी चुकत नसे.

सोनूचा जोडीदार गोपीनाथ त्या दिवशी एका म्हातारीला बंधाऱ्यावर चढवत होता. समोरच्या छपरावर एक बाई आणि तिची दोन मुलं उरली होती. सोनू एकटाच वळला. गोपीनाथनं रडत रडत खरं तेच सांगितलं: शेवटच्या फेरीला सोनूनं हाक दिली नाही.

त्यावरून वरच्यांनी अर्थ काढला. चालकानं धार बघितली नाही. हलगर्जी.

छपरावरच्या तिघांना मागाहून दुसऱ्या बोटीनं सुखरूप उतरवलं. ती बोट येणार आहे, हे सोनूला माहीत असायचं कारण नव्हतं.

बाबूरावांनी बोल्ट काढले. मोटरचा खालचा भाग सुटून हातात आला. पाणी ओढणारा रबरी पंखा वितळून भोवतीच्या डबीला चिकटला होता. पाण्याच्या वरच्या वाटांमध्ये रेती ठासून भरलेली, भाजून विटेसारखी कडक.

"रेत," इर्शाद म्हणाला. "खेतों के ऊपर से ले गया होगा. छप्पर वहीं थे न. कम पानी में पंखा नीचे की सारी रेत खींच लेता है."

"हां."

"इसमें लड़के की क्या गलती?"

"रेतीची चूक नाही विचारत ते. धार बघितली का, ते विचारतात."

मराठीत बोलल्याचं बाबूरावांच्या लक्षातही आलं नाही. इर्शाद इतक्या वर्षांत तेवढं समजायला शिकला होता. त्यानं हवेची नळी आणली, आतल्या बाजूनं लावली आणि धारेच्या भोकाखाली वर्तमानपत्र अंथरलं. हवा सोडली. आधी धुरळा आला, मग रेतीची ढेपळं, आणि शेवटी कागदावर टक् असा बारीक आवाज झाला.

बाबूरावांनी तो तुकडा नखानं वेगळा केला. पोलादी टोक होतं, तांदळाच्या कणीएवढं. सेफ्टी पिनचं.

इर्शादनं वाकून पाहिलं. धार थांबली की प्रत्येक चालक पहिल्यांदा तेच करतो, हाताशी असेल त्या टोकदार वस्तूनं भोक टोचून बघतो. कधीकधी नुसता कचरा असतो, निघून जातो. टोचूनही धार आली नाही, तर दुखणं आत आहे. मग मोटर बंद. सोनूला हे बाबूरावांनीच शिकवलं होतं.

ते हेमचंद्रांपुढे जाऊन उभे राहिले. तळहात उघडला.

"साहब, उसने देखा था. धार नहीं थी. पिन से खोला, फिर भी नहीं आई."

"तो फिर आवाज़ क्यों नहीं दी?"

"धार थी ही नहीं साहब. झूठ कैसे बोलता?"

हेमचंद्रांनी वाकून ते टोक पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मतलब, जानते हुए गया."

"जी."

"लापरवाही काट दूंगा, बाबूराव जी. लेकिन फिर यह लिखना पड़ेगा."

"लिखिए."

बाबूरावांची स्कूटर तेलीबागेवरून घराकडे, वृंदावन योजना वसाहतीकडे वळली तेव्हा ऊन उतरत होतं. हलगर्जी गेली, याचं समाधान वाटायला हवं होतं. पण सकाळी निघताना सून, देविका, डबा देताना म्हणाली होती, "बाबा, त्याला कळलंच नसंल ना? एकदम बंद पडली असंल." ते म्हणाले होते, "एकदमच पडते." गेले कित्येक दिवस ती त्या एका वाक्यावर दोन घास खात होती.

दार तिनंच उघडलं.

"काय निघालं, बाबा?"

"रेती."

"बरं." ती पाणी आणायला आत गेली.

सोनूचा रेनकोट दारामागच्या खुंटीवर होता. दवाखान्यातून आला तसा देविकानं धुऊन टांगलेला. त्याची गळ्याजवळची चेन तुटली होती, म्हणून त्या दिवशी निघताना तिनं तिथे पिन लावून दिली होती. तो हसला होता, "क्या यार, मैं बच्चा हूं क्या?"

पिन आपल्या जागी होती, मिटलेली. बाबूरावांनी ती उघडली. टोक जरासंच उडालेलं होतं. खिशात कागदात बांधून आणलेला तो तुकडा त्यांनी तिच्या तोंडाशी धरला. बरोबर बसला.

पाण्याचा तांब्या घेऊन देविका मागे उभी होती.

"हे कुठं भेटलं?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. हाक न देणाऱ्या मुलाच्या रेनकोटाला हात लावून ते जमेना.

"मोटरीत. धार बंद झाली होती, पोरी. त्यानं टोचून बघितलं."

"म्हणजे माहीत होतं त्याला."

"हो."

"आणि गेला."

बाबूरावांनी मान हलवली. देविकानं तांब्या खाली ठेवला, अगदी नीट, पाणी न सांडता. मग म्हणाली, "एवढ्या घाईत पिन परत कशाला लावत बसला?"

"तू लावून दिली होती म्हणून असंल."

ती रडेल असं त्यांना वाटलं. ती रडली नाही. तिनं त्यांच्या हातातून पिन घेतली, रेनकोटाची गळपट्टी जुळवली आणि लावू लागली. मोडलेलं टोक कापडात शिरेल असं वाटत नव्हतं. पण तिनं बोटानं चाचपून जुनं भोक शोधलं, आणि पिन त्यातून अलगद गेली.