शून्य चुकांचा नकाशा

प्रियदर्शनीला आपल्या कामाचा तोरा होता, आणि तो शोभतही होता. जुन्या कागदी नकाशांवरच्या हद्दी संगणकावर उतरवायच्या, दोन हद्दींमध्ये फट राहिली तर सांधायची, एक दुसरीवर चढली तर मागं सारायची. सोलापुरातल्या त्या छोट्या कचेरीत तिच्याइतकं नेटकं काम कुणाचं नव्हतं. होटगीच्या पुढं नवी दगडखाण निघाली होती, तिची फाईल तिनं सकाळीच पुरी केली आणि तपासणीचं बटण दाबलं. चुका शून्य.

शून्य म्हणजे हद्दी एकमेकींशी जुळल्या, एवढंच. जमिनीशी जुळल्या का, हे ते बटण विचारतच नाही. माणसं मात्र शून्य दिसला की चहा मागवतात. तिनंही मागवला.

जेवणाच्या सुमाराला बिरदेवमामाचा फोन आला. आईचा धाकटा भाऊ. मेंढरं आणि म्हाळसामामी घेऊन तो त्याच खाणीच्या अंगाला उतरला होता.

"पोरी, आज दुपारच्याला सुरुंग उडवनार हायती म्हनं. आमी हितं बाभळीखाली बसलो तर चालंल का? तुमी नकाशं करता न्हवं?"

"लोकेशन पाठवा, मामा."

ठिपका आला. तिनं तो नकाशावर टाकला. खाणीभोवतीच्या धोक्याच्या लाल रेषेच्या चांगला बाहेर पडला.

"बिनघोर बसा," ती म्हणाली, आणि वर नकाशाचा फोटोही धाडला. शिकलेल्या भाचीला एवढी हौस असायचीच.

मग अहवाल जरा देखणा दिसावा म्हणून तिनं नकाशाखाली उपग्रहाचं चित्र घातलं. ओढ्याची रेघ ओढ्यात नव्हती. डांबरी रस्ता उसातून चालला होता. एक-दोन नव्हे, सगळ्याच रेघा सारख्याच, एकाच बाजूला सरकलेल्या. म्हणूनच तर चूक सापडली नव्हती. अख्खा कळपच वाट चुकला तर चुकलेलं मेंढरू कुठलं म्हणायचं?

"गुरु, कागद चढवताना माप बदललंस का?"

शेजारच्या टेबलावरच्या गुरुचा चेहरा उतरला. जुन्या कागदांचं जागा मोजायचं माप वेगळं, उपग्रहाचं वेगळं. एकातून दुसऱ्यात आणायचं काम त्याचं होतं.

"राहिलं वाटतं," तो म्हणाला. "पण तपासणीत तर काहीच आलं नाही की."

तिनं सगळ्या हद्दी खऱ्या जागी सरकवल्या. लाल रेषा ठिपक्याला ओलांडून पलीकडं गेली. ठिपका आत राहिला, पार खाणीच्या कडेशी. ती इतकी घाबरली की मामाचा नंबर शोधताना दोनदा भलत्यालाच फोन लागला.

मामा उचलेना. गुरु खाणीच्या कचेरीला फोन लावत होता, पण तिथं नुसतीच रिंग जात होती. सुरुंगाच्या वेळी कचेरीत बसणार तरी कोण?

शेवटी मामानं उचलला.

"मामा, निघा तिथनं! आत्ताच्या आत्ता!"

"का गं? म्हाळसा बी हेच म्हनत व्हती, टेकाडापल्याड जाऊ म्हनून. खानीचा राखनदार बी हाकलाया आला व्हता. मी तुझा नकाशा दावला की त्येला. बगितला अन् गेला गप."

"तो नकाशा चुकलाय, मामा!"

तेवढ्यात फोनमध्ये दूर कुठंतरी भोंगा वाजायला लागला.

"भोंगा झाला," मामा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ह्यो थांबला की उडवत्यात. कुनीकडं जाऊ, सांग लौकर."

"टेकाडाकडं! पळा! मेंढरं राहू द्या!"

"आगं, म्हाळसा खाली वड्यावर गेलीया पान्याला. तिला घिऊन येतो."

"मामा, नको!"

त्यानं फोन कापला नाही, तसाच खिशात टाकला असावा. तिला त्याची धाप ऐकू येत होती. मेंढरं ओरडत होती. भोंगा चालूच होता.

"म्हाळसेऽ! ए म्हाळसेऽ!"

भोंगा थांबला. मामा अजून हाका मारत होता.