पाटीच्या मागचा डबा

रिकाम्या प्लॉटला मालक नसतो, यावर हुबळीत सगळ्यांचं एकमत आहे. कुंपण नसलेली जागा दिसली की कुणी तिथं वाळू उतरवतं, कुणी शहाळ्यांचा ढीग आणून टाकतं, मंडपवाला खड्डे खणून बांबू रोवतो आणि कार्यक्रम संपला की बांबू तेवढे घेऊन जातो. धम्मपाल मेत्रीच्या प्लॉटवर हे सगळं होऊन गेलं होतं. शिवाय शेजारच्या गल्लीतला सिद्राम रोज आपली म्हैस आणून तिथं बांधायचा. म्हण आहे आयत्या बिळात नागोबाची; धम्मपालच्या वाट्याला म्हैस आली होती.

प्लॉट होता गोकुळ रोड संपून पुढं गेल्यावर, नव्या लेआउटात. जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये राबून निवृत्तीनंतर हातात आलं ते सगळं त्यानं या जमिनीत घातलं. मग घर बांधायला काही उरलं नाही, कुंपणालाही नाही. उरलं ते पाटीपुरतं. पाटी मात्र त्यानं पेंटरच्या डोक्यावर उभं राहून लिहून घेतली, वर कन्नडात, खाली मराठीत: खासगी जागा, मालक धम्मपाल मेत्री, आणि फोन नंबर. 'आत यायचं असेल तर विचारा' असं शेवटी त्याला हवं होतं. पेंटर म्हणाला, आता पाटीवर जागा नाही.

त्या नंबरवर आजवर आले ते सगळे दलालांचे फोन. मुलगा यशपाल बेंगळुरूहून म्हणायचा, "अप्पा, विकून टाका की. रोज कमरीपेठेतनं बस धरून गवत उपटायला जाताय, ते कशासाठी?" धम्मपाल विषय बदलायचा. खरं सांगायचं तर त्याला त्या जागेकडून फार काही नको होतं. एकदा कुणीतरी यावं, पाटी वाचावी आणि त्याला विचारावं, एवढंच हवं होतं. पण हे पोराला फोनवर कसं सांगायचं?

कारण त्याचा स्वतःचा जन्म विचारण्यात गेला होता. रेल्वेचं क्वार्टर मिळण्याआधी आणि निवृत्तीला ते सोडल्यावर पुन्हा, तो आणि त्याची बायको राणी भाड्याचं घर शोधत हिंडले. घर रिकामं असायचं, दारावर तसं लिहिलेलंही असायचं. मालक बाहेर आला की नाव विचारायचा, मग आडनाव, मग गाव, मग घरात देव कुठले. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो म्हटलं की मालकाला एकदम काहीतरी आठवायचं. "नाळे बर्री," तो म्हणायचा. उद्या या. नाही असं कुणी म्हणायचं नाही, माणसं सभ्य होती. धम्मपाल दुसऱ्या दिवशी जायचा, दर वेळी जायचा, आणि दाराला कुलूप तरी असायचं, नाहीतर घर कालच गेलेलं असायचं. राणी म्हणायची, "कशाला जातासा? कळत नाही काय तुम्हाला?" कळायचं त्याला. पण एखाद्याचा उद्या खरंच उद्या असला तर, म्हणून जायचा.

या सगळ्याचा शीण कुठं जात नाही. तो हाडांत बसतो, आणि मग माणसाला दमायला काम लागत नाही. धम्मपाल सकाळी उठायचा तोच दमलेला.

तर एके दिवशी तो खुरपं घेऊन प्लॉटवर पोचला, तेव्हा एक मुलगी त्याच्या पाटीमागं वाकून दगड उचकटत होती. पाठीवर बॅग, एका हातात मोबाईल. बाहेर स्कूटीपाशी मैत्रीण उभी राहून ओरडत होती, "स्नेहा, लवकर गं!"

"काय शोधालाय?" धम्मपालनं विचारलं.

मुलगी दचकली. मग तिची नजर त्याच्या शर्टावर गेली. गवतात काम करायला वर्कशॉपचा जुना खाकी शर्टच बरा पडतो, तोच त्याच्या अंगात होता. तो बघून तिला हायसं वाटलं.

"वॉचमन अण्णा काय तुम्ही? काही नाही हो, खेळ आहे एक. कुणीतरी डबा लपवून ठेवतं, मोबाईल जागा दाखवतो, आपण शोधायचा. आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि होता तिथं ठेवून जायचं."

"मग हाय काय हितं?"

"पाटीच्या मागं, अशी खूण दिलीय. हा बघा, मिळाला!" तिनं दगडाखालून हिरवा प्लास्टिकचा डबा काढला, घाईघाईनं नाव लिहिलं, डबा परत ठेवला, वर दगडही नीट बसवला. जाताना आवाज खाली आणून म्हणाली, "मालकाला सांगू नका हं, अण्णा. उगीच कटकट नको."

"नाही सांगत," धम्मपाल म्हणाला.

स्कूटी गेली. तिनं लांबून हातही हलवला; पोरगी वाईट नव्हती. धम्मपाल खुरपं हातात घेऊन उभा राहिला. मालक मीच, एवढं तर बोलायचं होतं. पाटीवर लिहिलेलं, सरकारदरबारी नोंदलेलं, आणि तोंडातून मात्र बाहेर पडलं नाही. मुलीवर त्याला राग आलाच नाही. आला तो स्वतःवर, आणि राग धरायलाही अंगात बळ लागतं, म्हणून तो थोड्या वेळानं खालीच बसला.

नंतर त्यानं डबा काढून उघडला. झाकणाच्या आत मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहिलं होतं की हा खेळ आहे, कृपया फेकू नये. खाली नाव होतं गुरुप्रसाद, पत्ता विद्यानगरचा, आणि फोन नंबर.

"फोन करा आन् बोलवून घ्या हितं," घरी राणी म्हणाली. "मालक तुम्ही आन् जायचं तुम्हीच?"

तिचं बरोबर होतं. तरी संध्याकाळी डबा पिशवीत घालून धम्मपाल विद्यानगरला गेलाच. जन्मभराची सवय पायांना. ते आपोआप दुसऱ्याच्या दाराकडं वळतात. गुरुप्रसादच्या फाटकाशी पोचल्यावर त्यानं कडी वाजवली आणि म्हणाला, "आत येऊ काय?" जाब विचारायला आलो आणि आधी परवानगी मागितली, हे त्याच्या चप्पल काढताना लक्षात आलं.

गुरुप्रसाद कॉलेजात शिकवणारा, तिशीतला माणूस. टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग, डोळे लाल. पिशवीतून डबा बाहेर आलेला बघताच तो उठून उभा राहिला.

"अरे देवा. तुमचा प्लॉट का तो? सॉरी सर, फार सॉरी. बसा ना. रिकामी जागा दिसली म्हणून ठेवला हो."

"पाटी बघितली नाही काय तुम्ही?"

"बघितली ना," गुरुप्रसाद म्हणाला, आणि पुढचं बोलताना त्याचा आवाज उतरला. "म्हणजे, शोधणाऱ्यांना खूण तीच दिली होती."

"नंबर हाय की तिच्यावर."

गुरुप्रसादनं टेबलावरच्या उत्तरपत्रिका सरळ केल्या. मग त्यानं खरं ते सांगून टाकलं. "खेळाच्या अ‍ॅपवर डबा नोंदवताना ते विचारतात, जागेच्या मालकाची परवानगी घेतली का म्हणून. मी 'होय' केलं. सगळेच करतात, सर. बाकीचे लोकही डबा ठेवण्याआधी कुणाला विचारायला जात नाहीत. मालक कुठं हुडकायचा, त्याला हा खेळ कसा समजवायचा, आणि तो नाही म्हणाला तर?"

"म्हणजे तुम्ही मला विचारलं, आन् मी हो म्हटलं. कागदावर."

"तसंच झालं," गुरुप्रसाद म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. आतून त्याच्या बायकोनं, नेत्रानं, चहा आणून ठेवला. धम्मपालनं कप उचलला. चांगल्या कपात चहा मिळाला, माणूस खोटं बोलला नाही, सर म्हणाला. आता यांच्याशी भांडायचं तरी कसं, असं त्याला झालं.

गुरुप्रसाद खुर्चीत पुढं सरकला. "सर, तेव्हा चुकलं. आता विचारतो. तुमच्या प्लॉटवर हा डबा ठेवू का?"

हेच ते. ज्यासाठी पाटी लावली, ज्यासाठी रोज बस धरली, ते वाक्य आज एक माणूस त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांत बघून बोलला होता. 'ठेवा की' हे धम्मपालच्या मनात कधीचं तयार होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"नाळे बर्री," तो म्हणाला.

गुरुप्रसादला कळेना. "उद्या?"

"उद्या या. सकाळी, प्लॉटवर. मग सांगतो."

"येतो, नक्की येतो," गुरुप्रसाद म्हणाला. डबा टेबलावर उत्तरपत्रिकांशेजारी राहिला.

बाहेर पडल्यावर धम्मपालला बरं वाटलं. छाती थोडी रुंद झाल्यासारखी वाटली. पण ते बसस्टॉपपर्यंतच पुरलं. बसमध्ये त्याला ते सगळे मालक आठवले, बनियनवरचे, लुंगीतले, दाराच्या चौकटीला हात लावून उभे. त्यांनाही दार लावल्यावर असंच बरं वाटत असेल, हे त्याला पहिल्यांदाच सुचलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

राणीनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, "त्यांच्या तोंडातलं तुमच्या तोंडात कुठनं आलं वो?"

"द्यायचीच हाय परवानगी. उद्या देतो."

"मग आज काय झालंतं?"

धम्मपालनं ताट पुढं ओढलं.

सकाळी त्यानं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या, थर्मासात चहा भरून घेतला आणि खुर्च्यांसाठी रिक्षा बोलावली. राणी दारात उभी राहून हसली, पण इस्त्रीचा पांढरा शर्ट तिनंच काढून दिला. प्लॉटवर त्यानं पाटीमागची जागा साफ केली. दगडाखाली पावसाचं पाणी शिरलं असतं, म्हणून खालची माती उकरून, खडी घालून डब्याच्या मापाची कोरडी जागा केली. परवानगी द्यायचीच तर नीट द्यावी, अर्धवट कशाला?

सिद्राम म्हशीला घेऊन आला, तेव्हा धम्मपाल खुर्च्या समोरासमोर मांडत होता. सिद्राम त्या खुर्च्या, तो शर्ट, थर्मास बघून थबकला. याआधी दहादा बोलणी खाऊनही तो रोज म्हैस बांधून निघून जायचा.

"पाव्हणं येणार काय, अण्णा?"

"हां. एकजण विचारायला येणारेत."

"काय विचारायला?"

"परवानगी," धम्मपाल म्हणाला. हा शब्द सिद्रामसमोर बोलताना त्याला थोडं लाजल्यासारखं झालं.

सिद्रामनं मान हलवली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला परत घेऊन गेला. पाहुण्यांसमोर शेण नको, एवढं त्यालाही कळत होतं.

ऊन पाटीवर आलं, मग खुर्च्यांवर आलं. रस्त्यानं एखादी मोटरसायकल आली की धम्मपाल उठून उभा राहायचा आणि ती पुढं गेली की बसायचा. कॉलेजला जायच्या आधी येईल, असं आधी वाटलं. मग वाटलं, सुट्टीत येईल. बऱ्याच वेळानं खिशातला फोन वाजला. गुरुप्रसादचा मेसेज होता, सभ्य मराठीत लिहिलेला. सर, तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून डबा तळ्याकाठच्या बागेत ठेवला. सरकारी जागा आहे, तिथं कुणाला विचारायचा प्रश्न नाही. झाल्या प्रकाराबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व.

धम्मपालनं मेसेज पुन्हा वाचला. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. उद्या या म्हटल्यावर तो स्वतः दर वेळी गेला होता, कारण त्याला दुसरीकडं जायला जागा नव्हती. गुरुप्रसादला हुबळीभर जागा होत्या. तो कशाला येईल? एवढी साधी गोष्ट त्या मालकांना ठाऊक होती आणि आपल्याला नव्हती, याचं त्याला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, पण आलं नाही, नुसतंच दमल्यासारखं झालं.

थर्मासातला चहा अजून गरम होता. समोरची खुर्ची तापली होती.

"अण्णा."

सिद्राम रस्त्यावर उभा होता, म्हशीचं दावं हातात घेऊन. म्हैस सवयीनं पुढं आली होती, तिला त्यानं हद्दीच्या दगडाशी अडवून धरलं होतं.

"गेलं काय पाव्हणं?"

"आलेच नाहीत."

सिद्रामनं त्याच्याकडं बघितलं, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. दगडाच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही.

"मग," तो म्हणाला, "आता बांधू काय?"

धम्मपालच्या जिभेवर कालचाच शब्द आला. तो त्यानं गिळला.

"बांध की," तो म्हणाला. "आन् हिकडं येऊन बस. चहा हाय."