मंडळी कुठाय?

रविवारची उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी सुताराला दाराशी गाठलं.

"मिस्त्री, मावशींकडची बुधवारची घरप्रार्थना बंद करू या. माणसंच येत नाहीत. तुमच्या बाई होत्या तेव्हा एकेकाला घरातून ओढून आणायच्या. तेवढं मावशींना तुम्ही सांगाल का? माझ्याने सांगवणार नाही."

सुतार बरं म्हणाला. खरं तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं. बायको गेल्यापासून तो प्रार्थनेला जायचा तो नुसत्या सवयीने, लाकडावर रंधा फिरतो तसा. पूर्वी ती पुढे असायची. कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं कामावरून भांडण, तिला सगळं ठाऊक. तो मागून गीतांची पुस्तकं घेऊन चालायचा. गाणं ती उचलायची, हा दुसऱ्या ओळीला मिसळायचा. आता पहिली ओळ कोण उचलणार, म्हणून गाणंच बंद पडलं होतं.

बुधवारी संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून तो मावशींकडे निघाला. कमरेचं हाड मोडल्यापासून मावशी वरच्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. चर्च त्यांच्यापर्यंत यायचं ते बुधवारीच. जिना चढता चढता त्याने वाक्य जुळवलं: पाळकसाहेब म्हणाले, तूर्त थांबू या. 'तूर्त' हा शब्द चांगला होता. लाकडाच्या फटीत लांबीचा लगदा भरावा तसा.

सुनेने दार उघडलं. आत भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या, शिवाय शेजारून आणलेलं स्टूल.

"दुपारपासून डोकं खाल्लंय माझं," सून हळूच म्हणाली. "एकदा पुसल्या तर म्हणे परत पूस."

मावशी वेणी घालून पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून त्याच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"मंडळी कुठाय?"

चारचौघांत सुतार बायकोला 'आमची मंडळी' म्हणायचा. म्हातारीला विसर पडला की काय?

"मावशी," तो सावकाश म्हणाला, "ती गेली ना. तुम्हीच तर खूप रडलात."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. "अरे बाबा, मी चर्चची मंडळी म्हणतेय."

सुनेने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. सुतारालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"तीही गेलीच म्हणा," तो बोलून गेला. "कुणी येत नाही, मावशी. पाळकसाहेब म्हणाले, तूर्त थांबू या."

"तूर्त म्हणजे मी डोळे मिटेपर्यंत."

तो खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवू लागला.

"तू दमलायस का?"

"दमलोय."

"मीपण. रोज देवाला म्हणते, आता पुरे. बुधवार जवळ आला की म्हणते, एवढा होऊ दे." त्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "आलायस तर एक गीत म्हण. मग जा."

तो खुर्चीवर टेकला आणि त्याने पहिली ओळ उचलली. पण त्याच्या कानात पट्टी होती ती बायकोची. दुसऱ्याच शब्दाला आवाज फाटला. तो थांबला.

"खालून घे," मावशी म्हणाल्या. "मलाही वर चढवत नाही आता."

त्याने खालून घेतलं. बेसूरच होतं, पण मावशी दुसऱ्या ओळीला मिसळल्या. तो जिथे मिसळायचा, बरोबर तिथेच. सून ओले हात घेऊन दारात उभी होती. शेवटच्या कडव्याला ती स्टुलावर बसली.

प्रार्थना झाली. निघताना सुतार सुनेला म्हणाला, "पुढच्या बुधवारी एवढ्या खुर्च्या काढू नका. एक पुरे."

"दोन," सून म्हणाली.

तो कठड्याला धरून जिना उतरू लागला. गुडघे दुखत होते. पाळकसाहेबांना काय सांगायचं, ते वाक्य अजून जुळलं नव्हतं.