चौदावी खोली

वल्लरीचा फोन आला तेव्हा ललिता सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. मग पलीकडची मुलगी म्हणाली की ती वेणीमाधव सरांची नात, आणि आजोबांनी विचारलंय, तुम्हाला तळघर आठवतं का. ललिताने हातातलं लाल पेन खाली ठेवलं.

न आठवायला काय झालं? ती नववीत असताना शाळेला सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याला जोडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये खेळाची कॅसेट घालायची, पाच मिनिटं कर्कश किरकिर ऐकायची, आणि मग पडद्यावर एक टोपीवाला माणूस उभा राहायचा. खेळाचं नाव इंग्रजी होतं, पोरांनी त्याचं तळघर करून टाकलं होतं. एकूण वीस खोल्या. प्रत्येक खोलीत उड्या मारत किल्ल्या गोळा करायच्या आणि दारातून पुढच्या खोलीत शिरायचं. पेठहून आलेली, वसतिगृहात राहणारी ललिता सगळ्यांच्या आधी चौदाव्या खोलीत पोचली आणि तिथेच अडकली. मागून आलेले बाकीचेही अडकले. शेवटची किल्ली एका खड्ड्याच्या पलीकडे, आणि खड्ड्यावर एक दगड लोंबत होता. उडी मारली की टोपीवाल्याचं डोकं दगडावर आपटायचं आणि तो थेट खाली.

ललिताने आलेखाच्या कागदावर ती उडी काढून पाहिली. डोकं पडद्यावरच्या जेमतेम चार ठिपक्यांनी अडत होतं. ती कागद घेऊन सरांकडे गेली, म्हणाली की चार ठिपके खालून उडी मारली तर जमेल. सर सगळ्या वर्गासमोर हसले. कॅसेटच सदोष आहे, म्हणाले, आणि खालून उडी मारायला तिथे काय पाय ठेवायला जागा आहे? वर्गही हसला. पुढच्या वर्षी तो कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. ललिता गणित शिकली, गणितच शिकवायला लागली, बावन्न वर्षांची झाली. पण ते हसणं कुठेतरी काट्यासारखं राहून गेलं होतं.

रविवारी सकाळी ती गंगापूर रोडला सरांच्या घरी गेली. सर आता ऐंशीला टेकले होते, ऐकायला जरा कमी यायचं. वल्लरीने सांगितलं की तिने तोच खेळ इंटरनेटवरून शोधून लॅपटॉपवर घेतलाय, अगदी मूळ प्रत. तरी चौदावी खोली जशीच्या तशी. तो खेळणारे जे चार-पाच जण जगात उरलेत, त्यांनीही लिहून ठेवलंय की इथून पुढे जाताच येत नाही, बनवणाऱ्याचीच चूक असणार.

"म्हणजे कॅसेट चांगली होती," सर म्हणाले. "तुझा कागद मी नीट बघितलासुद्धा नव्हता, ललिता. म्हणून बोलावलं."

तिने चष्मा पुसला आणि लॅपटॉपसमोर बसली.

बोटं आखडली होती. पहिल्या तीन खोल्यांतच टोपीवाला इतक्या वेळा मेला की वल्लरीला हसू आवरेना. पण हळूहळू हात वळायला लागले. कुठला पहारेकरी कधी वळतो, कुठे दोन मोजून थांबायचं, हे डोक्याला आठवत नव्हतं ते बोटांना आठवत होतं. पोहे आले, गार झाले. साडेअकराला ती चौदाव्या खोलीत उभी होती.

अकरा वेळा उडी मारली. अकराही वेळा दगड लागला.

बाराव्या वेळी तिने उडी मारलीच नाही. ती खड्ड्याच्या काठच्या विटांकडे बघत राहिली. या विटा भुसभुशीत होत्या, पाय पडला की विरायच्या, म्हणून सगळे त्यांच्यावरून जीव घेऊन पळायचे. तीही इतकी वर्षं पळतच आली होती. आता तिने नाक पडद्याला लागेल इतकं वाकून पाहिलं. वीट एकदम नाहीशी होत नव्हती. ती वरून झिजत होती, एकेक ओळ. आणि जितकी वीट झिजेल तितका टोपीवाला खाली उतरत होता.

तिने त्याला काठावर नेऊन उभं केलं.

"मावशी, पळा, वीट जातेय," वल्लरी म्हणाली.

"जाऊ दे."

एक. दोन. तीन. चार. ललिताने बोट दाबलं.

टोपी दगडाखालून निसटली. टोपीवाला पलीकडच्या कट्ट्यावर उतरला, किल्ली वाजली, दार लखलखायला लागलं. ललिता त्याला दारातून आत घेऊन गेली आणि पडदा बदलला. जांभळ्या भिंती, सरकत्या फळ्या, वरून ठिबकणारं पाणी. पंधरावी खोली, जवळजवळ चाळीस वर्षांत त्यांच्यापैकी कुणीच न पाहिलेली.

सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. ते लॅपटॉपपर्यंत आले, चष्मा वर करून पडद्यावर वाकले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "तेव्हाही बरोबर होतं."

ललिताचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात ठिबकणाऱ्या पाण्याखाली टोपीवाला मेला. मग तिघेही पोट धरधरून हसले.

पुढचे चार रविवार ती तिथेच होती. सतराव्या खोलीने दोन आठवडे खाल्ले. विसाव्या खोलीचं दार उघडलं तेव्हा पडद्यावर चांदण्यांनी भरलेलं आकाश आलं आणि टोपीवाल्याने टोपी काढून हवेत उडवली. वल्लरीने सगळा खेळ चित्रित करून इंटरनेटवर टाकला, खाली मोठ्या अक्षरांत ललिता भोये, नाशिक असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत स्कॉटलंडमधल्या कुणा म्हाताऱ्याचं उत्तर आलं की हा खेळ पुरा होताना पाहीन असं मला वाटलं नव्हतं.

घरी जाताना ललिताने रस्त्याकडेला स्कूटर थांबवली आणि पेठला भावाला फोन लावला. हिरामण नांगरटीच्या ट्रॅक्टरवर होता. तिने खोल्या, विटा, दगड, चार ठिपके, सगळं एका दमात सांगितलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

"लय झालं ते," तो म्हणाला. "पण तू जिकलीस ना?"

"जिकले," ललिता म्हणाली.