धुराड्यावरची खिडकी

वर्ध्याला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इंग्रज कापूस कंपनीच्या एजंटानं बांधलेलं दुमजली घर होतं. आपल्या विलायतेतल्या घरासारखंच हवं, असा त्याचा हट्ट असावा. मधोमध दार, दारावर अर्धचंद्राकृती काचा, आणि दाराच्या डावीकडे जे, तेच उजवीकडे. १९७६ साली आमच्या सहकारी संस्थेनं ते ऑफिसासाठी घेतलं. खोल्यांची आखणी माझ्याकडे आली. मी ड्राफ्ट्समन, घरबांधणीवरची पुस्तकं वाचणारा, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की मागे सरणारा. आज लिहितानाही वाटतं, हे कोणाला कशाला सांगायचं? पण त्या घराबद्दल मला खात्री होती, आणि आहे.

संस्थेत खोली खिडक्यांवर ठरायची. बाबूला एक, साहेबाला दोन. प्रभाकरराव नुकतेच साहेब झाले होते. वरचा मजला तेव्हा सरकीच्या पोत्यांनी भरलेला, म्हणून वाटप रस्त्यावर उभं राहूनच झालं. प्रभाकररावांनी गल्लीच्या बाजूच्या दोन खिडक्या मोजल्या आणि फक्त गल्लीकडेच खिडक्या असलेली मागच्या कोपऱ्यातली खोली मागून घेतली. पोती हलली, आम्ही आत गेलो, तर त्या भिंतीला खिडकी एकच. दुसरी म्हणजे बाहेरून भिंतीवर ठोकलेल्या बंद लाकडी झडपा होत्या.

"नानाजी, घे छिन्नी. पाड इथं भोक," प्रभाकरराव गवंड्याला म्हणाले.

"पाडू नका," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "आत धुराडं आहे. खाली शेकोटी होती, तिचा धूर इथून वर जायचा. घराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बाहेर खोटी खिडकी केली."

"शेकोटी? वर्ध्यात?" प्रभाकरराव हसले. "मे महिन्यात साहेब शेकत बसत होता का?"

सगळेच हसले. मी धुराडं फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिलं होतं. तरी भिंतीची आतली आणि बाहेरची मापं माझ्या हातची होती, आणि त्यांत धुराड्याएवढा फरक पडत होता. मी नानाजींना छतावर पाठवलं आणि धुराड्याच्या वर निघालेल्या विटांच्या खांबातून मूठभर खडी टाकायला सांगितली. आम्ही भिंतीला कान लावले. खडी आमच्या कानाशेजारून सरसर खाली गेली.

"ऐकलं?" मी म्हणालो.

"ऐकलं न! पोकळच आहे. मग तर फोडाले सोपंच!" प्रभाकरराव म्हणाले.

माझा पुरावा माझ्याच अंगावर आला. टायपिस्ट रुख्माबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. नेहमीप्रमाणे मी मागे सरलो असतो. पण छताच्या वर उभा असलेला तो विटांचा खांब डोळ्यांसमोर आला.

"पोकळ आहे म्हणूनच नाही," मी म्हणालो. "वरचं सगळं ओझं या पातळ विटांवर आहे. भोक पाडलं तर तो खांब छत फोडून तुमच्या टेबलावर येईल. नकाशावर सही माझी आहे. फोडायचं असेल तर तसा हुकूम तुमच्या सहीनं द्या."

नानाजी शिडीवरून उतरून दारात आले होते. "मी नाई मारत छिन्नी, साहेब. वर उभा होतो तं खांब हालून राह्यला होता."

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. "अन् लोक म्हणतील, प्रभाकर अजून बाबूच आहे. एका खिडकीत बसून राह्यला."

"साहेब, बाहेरून तं दोनच दिसतात न?" रुख्माबाई म्हणाल्या. "आतून कोण मोजते? एक पडदा लावा."

"पडदा? भिंतीले?"

"मंग काऊन नाई? उघडू नका म्हंजे झालं."

प्रभाकररावांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाहेर जिथं दिसते, बरोबर तिथंच पाहिजे. इकडंतिकडं नाई."

मी टेप घेतला. गल्लीतून कोपऱ्यापासूनचं अंतर मोजलं, त्यातून भिंतीची जाडी वजा केली, वर आलो आणि पेन्सिलनं चौकट आखली. पुन्हा मोजायची इच्छा झाली नाही. माझ्या आयुष्यात असं फारसं घडलेलं नाही. सोमवारी तिथं हिरवा पडदा आला, खऱ्या खिडकीला होता तस्साच. प्रभाकरराव दोन पडद्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि पंखा लावला. दोन्ही पडदे सारखेच हलले.